महाविद्यालयाचे मैदान आणि पुढची वाट

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील एखादा मुलगा महाविद्यालयीन स्पर्धेत फुटबॉल उत्तम खेळला, म्हणजे घरात प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? अमेरिकेत याचे उत्तर ठरलेले आहे. तेथील फुटबॉल निराळा, लांबट चेंडूचा आणि बहुतांशी हातांनी खेळण्याचा. त्यातील व्यावसायिक संघ १९३६ पासून महाविद्यालयांतील निवडक खेळाडू पाळीपाळीने उचलीत आले आहेत. आपल्याकडे फुटबॉलची शिडी महाविद्यालयाच्या फार अलीकडे लागते, हे पालकांनी वेळीच ओळखावे, असे आम्हांस वाटते.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव पाहा. तालीम मंडळांचे सामने पाहावयास शाहू स्टेडियमवर जेथे गाव लोटते, तेथला हा रिक्षाचालकाचा मुलगा. जन्म २००० चा. शाळकरी वयातच घर सोडून तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला आणि आपली मुले महाविद्यालयाचे अर्ज भरतात त्या वयात आय-लीगमध्ये उतरला. पुढे जमशेदपूरच्या संघाने त्यास घेतले. (प्रबोधिनी महाराष्ट्र शासनाची आहे. भाषा एक असली, तरी आपला रहिवासाचा दाखला मध्यप्रदेशचा, हे विसरू नये.)

मग विसाव्या वर्षी चमकलेल्याने काय करावे? अंगातली रग आपल्याकडे कमी नाही; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी ती दरसाल वाया जाते! तिला कबड्डीचे मैदान अधिक शोभेल. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई हा भौतिकशास्त्राचा पदवीधर. २०१८ साली प्रो कबड्डीत प्रथम उतरला, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. यू मुंबाने त्यास ३६ लाख ४० हजारांस घेतले. त्या एकाच हंगामात त्याने चढायांत दोनशेहून अधिक गुण मिळविले आणि पुढल्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. कबड्डीस भरलेले, पक्के शरीर लागते, आणि तयारीला गावातली माती पुरते. म्हणून येथे उशिरा आलेल्यासही जागा आहे.

मात्र २०२१-२२ च्या हंगामात खांदा दुखावल्याने याच देसाईंना बहुतेक सामने बाहेर बसून पाहावे लागले. खेळासाठी दुसऱ्या वर्षीच महाविद्यालय सोडू म्हणणाऱ्या मुलास आम्ही एवढेच विचारू : तुझा खांदा दुखावला, तर त्या वर्षी तू काय करशील?