लॅक्टोमीटर बरोबर, निष्कर्ष चूक

घरी लॅक्टोमीटर आणला की दूधवाल्याची चलाखी संपली, असं छातीठोकपणे सांगणारं कोणीतरी प्रत्येक सोसायटीत असतंच. काचेची नळी दुधात सोडायची, ती पट्टीवर कुठे थांबते ते बघायचं आणि निकाल द्यायचा. काही नळ्यांवर तर दुधासाठी ‘एम’ आणि पाण्यासाठी ‘डब्ल्यू’ अशी अक्षरंच छापलेली असतात, म्हणजे विचार करायचंही काम उरत नाही. हे ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदा स्पष्टच सांगतो: लॅक्टोमीटरला शुद्धता कळत नाही. त्याला फक्त घनता कळते.

नळीचं काम सरळ आहे. ती स्वतःच्या वजनाइतकं दूध बाजूला सारते आणि तरंगते. दूध जड असेल तर कमी बुडते, हलकं असेल तर जास्त. पट्टीवरचा २९ हा आकडा म्हणजे १.०२९, पाण्यापेक्षा हजारी २९ भागांनी जड. गाईचं दूध साधारण २८ ते ३० आणि म्हशीचं ३० ते ३२ दाखवतं. पाणी घातलं की आकडा उतरतो. इथवर सगळे बरोबर असतात.

गडबड होते ती पुढे. दुधातली प्रथिनं, दुग्धशर्करा आणि क्षार पाण्यापेक्षा जड; स्निग्धांश मात्र पाण्यापेक्षा हलका, त्याची घनता ०.९३ च्या आसपास. म्हणजे साय काढून घेतली की दूध जड होतं आणि आकडा ३५ च्या घरात चढतो. आता हे ८३ लिटर साय काढलेलं दूध घ्या आणि त्यात १७ लिटर पाणी ओता. नळी कुठे उभी राहील? २९ वर. साय गेली, वर पाणी आलं, आणि लॅक्टोमीटर म्हणतो गाईचं उत्तम दूध! नुसतं पाणी घालून थोडी साखर किंवा मीठ विरघळवलं तरी उतरलेला आकडा पुन्हा वर येतो. युरियाचंही तेच. भेसळ करणाऱ्याला हे सगळं पाठ असतं. ठाऊक नसतं ते गिऱ्हाईकाला.

बरं, हा हिशेब चोरांचाच आहे असंही नाही. टोन्ड दूध याच तत्त्वावर बनतं. मुंबईत दारा खुरोडी यांनी ते रूढ केलं: म्हशीच्या दुधात स्निग्धांशविरहित दुधाची पावडर आणि पाणी मिसळायचं. पिशवीवर तसं लिहिलेलं असतं, कायद्याला ते मान्य आहे, आणि लॅक्टोमीटरलाही त्यात काही वावगं दिसत नाही.

म्हणूनच गावच्या संकलन केंद्रावर नुसती ‘डिग्री’, म्हणजे लॅक्टोमीटरचा आकडा, बघून कोणी भाव देत नाही. शेजारी फॅट मोजलेली असते, आणि दोन्ही आकड्यांवरून एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ, काढतात: डिग्रीचा चौथा हिस्सा, त्यात फॅटची ठरावीक पट आणि एक स्थिरांक. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बोलला जातो तो यामुळे. एकट्या डिग्रीवर धंदा करणारी डेअरी महिनाभरात बुडेल.

तापमानाचं तर कोणाच्या गावीही नसतं. भारतीय मानकाची नळी २७ अंश सेल्सिअसला बेतलेली असते. जुन्या क्वेवेन नळ्या १५.५ अंशांना. ते नळीवर छापलेलं असतं, वाचावं. दर अंशामागे साधारण ०.२ चा फरक पडतो. फ्रिजमधून काढलेलं ७ अंशांचं दूध २७ च्या नळीने मोजलं तर आकडा चारेक अंकांनी फुगतो, म्हणजे दहा टक्के पाणी सहज लपलं. उलट धारोष्ण दूध विनाकारण हलकं दिसतं. गरम असल्यामुळे तर खरंच, पण ताज्या धारेत हवा असते आणि स्निग्धांश अजून गोठलेला नसतो म्हणूनही. याला रेकनागेल परिणाम म्हणतात. धार काढल्यावर निदान तासभर थांबून मोजायचं ते यासाठी. प्रामाणिक शेतकऱ्यावर ‘पाणी घातलंस’ असा आळ येतो तो बऱ्याचदा या घाईपायी.

बाकीचे गैरसमज किरकोळ. दाट दूध म्हणजे जड दूध नव्हे. सगळ्यात दाट ती साय आणि हलकीही तीच. नळी खोल गेली म्हणजे आकडा वाढला असं नाही, पट्टी वरून खाली वाढत जाते. नळी भांड्याच्या कडेला टेकली तर वाचन रद्द. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचा हायड्रोमीटर कृपा करून दुधात बुडवू नका; त्यात आम्ल लागलेलं असतं ते सोडाच, त्याची पट्टी साधारण १.१०० पासून सुरू होते, दूध तिच्यावर दिसणारच नाही.

पाण्याचीच शंका असेल तर प्रयोगशाळेत दुधाचा गोठणबिंदू काढून घ्या. शुद्ध दूध साधारण उणे ०.५४ अंशांना गोठतं, पाणी मिसळलं की तो शून्याकडे सरकतो. पिठाचा संशय असेल तर उकळून गार केलेल्या दुधात आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं झालं तर स्टार्च आहे. आणि खात्रीच करायची असेल तर नमुना अन्नचाचणी प्रयोगशाळेत द्या, नळीवर विसंबून दूधवाल्याशी भांडू नका.