बारा फुटांचा दुधी

ऑक्टोबर उजाडला की अमेरिका आणि कॅनडातल्या गावोगावी भोपळ्यांच्या जत्रा भरतात. एक टनापेक्षाही जड असे लाल भोपळे फोर्कलिफ्टने उचलून काट्यावर ठेवले जातात, आकडा जाहीर होतो आणि टाळ्या पडतात. त्याच मांडवात दोन-तीन जण मिळून फळीवर आडवे ठेवलेले एक फिकट हिरवे, सडसडीत फळ अलगद आत आणतात. त्याच्यासाठी काटा लागत नाही, मोजपट्टी लागते. या स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या ‘ग्रेट पंपकिन कॉमनवेल्थ’ने भोपळा, कलिंगड, टोमॅटो यांच्या बरोबरीने ‘लाँग गोर्ड’ असा स्वतंत्र गट ठेवला आहे. त्यात उतरणारे फळ म्हणजे आपल्या रोजच्या भाजीतला दुधी भोपळाच. लॅजेनेरिया सिसेरारिया हीच त्याची जात. यातल्या विक्रमी फळांची लांबी 12 फुटांच्या पुढे गेली आहे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘सम्राट’ हा दुधीचा वाण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या चांगला परिचयाचा आहे. त्याचे फळ 30 ते 40 सेंटिमीटर लांबीचे, पिशवीत आणि क्रेटमध्ये नीट बसणारे. जात तीच, फूल तेच, पान तेच. मग लांबीत दहापट फरक येतो कुठून?

लांब भाज्यांच्या स्पर्धा इंग्लंडमध्येही जोरात चालतात. माल्व्हर्नच्या शरद प्रदर्शनात 2016 मध्ये एक गाजर 6.245 मीटर भरले. पण ते लांबलचक नळीत मऊ माती भरून वाढवलेले होते आणि त्याचा बराचसा भाग म्हणजे दोऱ्याइतके बारीक मूळ होते. मुळाचे टोक वाढतच राहते, त्याला वाट मोकळी मिळाली की झाले. दुधीचे तसे नाही. फळाला मुळासारखे सतत पेशी बनवत राहणारे टोक नसते. देठापासून खालपर्यंत सगळे फळ एकदमच वाढते, गर आणि बियांसकट, आणि हे सगळे काही आठवड्यांत उरकावे लागते. म्हणून बारा फुटी दुधीमागचे जीवशास्त्र जास्त गुंतागुंतीचे आहे.

ते समजून घ्यायला सुरुवात करावी लागते फुलापासून. दुधीच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नर फूल लांब, बारीक देठावर उभे असते. मादी फुलाच्या मागे मात्र लव असलेले इवलेसे फळ आधीच दिसते. तो बीजकोश. गोल वाणात तो गोटीसारखा असतो आणि लांब वाणात बोटभर काडीसारखा. परागकण अजून आलेला नसतो, पण रूपरेषा आखली गेलेली असते.

या रूपरेषेचा पाठपुरावा करण्यात अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एडमंड सिनॉट यांनी अनेक वर्षे घालवली. 1930 आणि 1940 च्या दशकांत त्यांनी दुधी आणि भोपळ्याच्या कुळातल्या वेलींवर काम केले. पद्धत अगदी साधी होती: कळीपासून पक्व फळापर्यंत लांबी आणि रुंदी पुन्हा पुन्हा मोजायची आणि दोन्हींचे गुणोत्तर कसे बदलते ते पाहायचे. बाटलीच्या आकाराच्या फळात रुंदी लांबीपेक्षा वेगाने वाढत होती. सोट्यासारख्या लांब वाणात उलटे होते, लांबी रुंदीला मागे टाकत होती. म्हणजे लांब दुधी हा फक्त मोठा झालेला दुधी नव्हे. तो जितका वाढतो तितका प्रमाणाने अधिकच लांबुडका होत जातो.

पुढे 1944 मध्ये सिनॉट यांनी पेशींच्या पातळीवर जाऊन पाहिले. पेशी दुभंगते तेव्हा ती कोणत्या दिशेने दुभंगते यावर बरेच काही ठरते. गोल फळांच्या कोवळ्या गरात पेशींचे विभाजन सगळ्या दिशांना सारखे होत होते. लांबट फळांत मात्र बहुतेक विभाजने फळाच्या लांबीच्या दिशेने होती, म्हणजे नवी पेशी जुनीच्या शेजारी न येता तिच्या खाली किंवा वर येत होती. असे लाखो वेळा घडले की फळ उभे वाढत जाते.

विभाजन थांबल्यावर पेशी फुगण्याचा टप्पा येतो. इथे पाणी काम करते. दुधीत सुमारे 96 टक्के पाणीच असते. पेशीच्या आत पाण्याचा दाब वाढतो आणि भिंत ताणली जाते. भिंतीत सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू असतात. ते पिंपाभोवतीच्या लोखंडी कड्यांसारखे आडवे गुंडाळलेले असतील, तर पेशी बाजूंना फुगू शकत नाही. तिला एकच वाट उरते, उभी. विभाजनाची दिशा आणि ताणाची दिशा जुळली की फळ झपाट्याने लांबते. ऐन वाढीच्या दिवसांत फळ एका दिवसात अर्ध्या फुटापर्यंत वाढते, असे लांब दुधी पिकवणारे सांगतात.

ही दिशा ठरवणारी काही जनुके आता हाती लागली आहेत. टोमॅटोत ‘ओव्हेट’ हे जनुक 2002 मध्ये आणि ‘सन’ हे जनुक 2008 मध्ये उलगडले. ‘सन’ची गोष्ट विशेष आहे. जनुकसंचातल्या एका भटक्या तुकड्याने या जनुकाची प्रत उचलून दुसरीकडे नेऊन ठेवली, तिथे ते जास्त जोमाने काम करू लागले आणि गोल टोमॅटो लांबोळा झाला. काकडीतही याच कुटुंबातल्या जनुकाचा फळाच्या लांबी-गोलाईशी संबंध सापडला आहे. 2022 मध्ये साउथॅम्प्टनला 113.4 सेंटिमीटरची काकडी विक्रमी ठरली, तिच्यामागेही बियाण्याची निवड होतीच.

हा आकाराचा खेळ महाराष्ट्रात एका वेगळ्या कारणासाठी पिढ्यान् पिढ्या चालू आहे. मिरजेचे कारागीर सतार आणि तानपुरा ज्या भोपळ्यापासून घडवतात, तो याच जातीचा. पंढरपूर-मंगळवेढा भागातले शेतकरी तो पिकवतात. तिथे लांबी नको असते. हवा असतो तो मोठा घेर, जाड साल आणि नितळ गोलाई. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ओहायोतला शेतकरी आणि मंगळवेढ्याचा शेतकरी एकाच जातीचे बी जमिनीत टोचतात, पण दोघांनी पिढ्यान् पिढ्या राखलेल्या बियांत वाढीची दिशा वेगळी आहे.

जात मुळात आफ्रिकेतली. तिथल्या रानटी वेलींची फळे लहान, गोल आणि कडूजहर असतात. वाळल्यावर त्यांची साल लाकडासारखी टणक होते आणि फळ पाण्यावर तरंगते. 1950 च्या दशकात टॉमस व्हिटेकर आणि जॉर्ज कार्टर यांनी दुधी समुद्राच्या पाण्यात 224 दिवस तरंगत ठेवले. त्यानंतरही त्यातले बी रुजले. 2014 मध्ये प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून असे दिसले की कोलंबसाच्या कितीतरी आधी अमेरिकेत पोहोचलेले दुधी आफ्रिकेतूनच, अटलांटिकच्या प्रवाहांवर वाहत गेले असावेत. पाण्यावर तरंगणाऱ्या त्या टणक सालीमुळेच माणसाने त्याची भांडी केली, पळ्या केल्या, वाद्ये केली आणि प्रत्येक कामासाठी वेगळा आकार निवडत गेला.

आता पिकवणाऱ्याच्या मांडवाखाली जाऊ. बारा फुटी फळ टांगायचे तर मांडवही तितका उंच हवा. आपल्याकडे दुधी-दोडक्याचा मांडव साधारण डोक्याइतका असतो, काढणीला हात पोहोचावा म्हणून. स्पर्धेवाले उंच सांगाडा उभारतात. थंड प्रदेशात हंगाम छोटा असल्याने बी घरात उबेला रुजवतात. बियांची टरफले कठीण, म्हणून कडा किंचित घासून ते कोमट पाण्यात भिजवतात. बाहेरची माती उबदार झाली की रोप लावतात.

वेल वाढीला लागला की खरा फरक दिसतो. महाराष्ट्रात हल्ली घरच्या बागेतही ‘थ्रीजी कटिंग’ चालते. मुख्य वेलाचा शेंडा खुडायचा, मग फांद्यांचा खुडायचा, म्हणजे तिसऱ्या फळीच्या फांद्यांवर मादी फुले भरपूर लागतात. तिथे उद्दिष्ट फळांची संख्या असते. लांबीच्या स्पर्धेत नेमके उलटे करतात. सुरुवातीची फळे काढून टाकतात आणि जोमात आलेल्या वेलावर एक-दोनच ठेवतात. पानांनी दिवसभर बनवलेली साखर रसवाहिन्यांतून फळाकडे जाते. वाटेकरी कमी असले की प्रत्येकाचा वाटा मोठा. जेसिका सॅव्हेज, डस्टिन हेन्स आणि मिशेल होलब्रुक यांनी 2015 मध्ये राक्षसी भोपळ्यांवर केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. या भोपळ्यांची पाने काही जास्त कार्यक्षम नव्हती. वेगळे होते ते देठांतल्या रसवाहिन्यांचे प्रमाण, ते साध्या वाणांपेक्षा बरेच जास्त होते. निवडीने वाढवले ते वाहतुकीचे जाळे.

परागीभवनही हाताने करावे लागते आणि तेही संध्याकाळी. दुधीचे पांढरे फूल दिवस मावळताना उमलते, रात्री पतंगांना बोलावते आणि दुसऱ्या दिवशी कोमेजून जाते. शेतकरी नर फूल खुडतो, पाकळ्या मागे दुमडतो आणि पिवळ्या परागाची पूड मादी फुलाच्या मधल्या कुंचल्यावर सर्व बाजूंनी फिरवतो. ‘सर्व बाजूंनी’ हे महत्त्वाचे. वाढणारे बी ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते आणि आसपासचा गर त्याच्या इशाऱ्यावर वाढतो. परागकण कमी पडले, एका भागात बी धरलेच नाही, तर तिथला गर मागे राहतो. फळ तिथे बारीक होते किंवा वाकते. फळमाशीने कोवळ्या सालीला डंख करून अंडी घातली तरी हेच होते. डंख झालेली बाजू खुंटते, दुसरी वाढत राहते आणि फळ कमानीसारखे वळते. म्हणून फळ धरल्याबरोबर त्याला कापडी किंवा कागदी पिशवी घालतात आणि शेतात क्यू ल्यूरचे सापळे लावतात.

कोकणात पडवळाच्या मांडवाखाली लोंबणाऱ्या कोवळ्या पडवळांच्या टोकाला सुतळीने बांधलेले छोटे दगड दिसतात. पडवळ हा दुधीचाच नातलग, त्याला आपोआप वेटोळे घ्यायची सवय. दगडाने पडवळ लांब होते, असे सर्रास म्हटले जाते. सिनॉट यांचे काम पाहिले की नेमके काय होते ते कळते. दगड पेशींची संख्या वाढवत नाही. एक बाजू थोडी जास्त वाढल्याने जे वळण पडले असते, ते तो पडू देत नाही. लांबी आतूनच येते. अनुभवी हातांनी दगड बेतशीर निवडलेला असतो, कारण जड झाला तर कोवळा देठच तुटेल.

लांबीला बाजाराचाही विचार करावा लागतो. कोइम्बतूरच्या कृषी विद्यापीठाचा ‘को 1’ हा पडवळाचा वाण 160 ते 180 सेंटिमीटर लांब फळे देतो. त्याच विद्यापीठाने पुढे जेमतेम फूटभराचा ‘को 2’ काढला, कारण वाहतुकीत लांब पडवळ मोडते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण श्वेता’ मधल्या मापाचे, साधारण मीटरभर. अयोध्येजवळच्या कुमारगंज येथील आचार्य नरेंद्रदेव कृषी विद्यापीठात प्राध्यापक शिवपूजन सिंह यांनी मात्र उलट वाट धरली. त्यांनी निवडीतून तयार केलेल्या ‘नरेंद्र शिवानी’ दुधीची फळे सहा फुटांच्या आसपास जातात. माणसापेक्षा उंच दुधी भारतीय शेतातही पिकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

असा दुधी भाजीसाठी ठेवायचा तर कोवळाच तोडावा लागतो. पूर्ण वाढला की बी कडक होते आणि साल लाकडासारखी होते. चवीला कडू लागला, तर तो अजिबात खाऊ नये, त्याचा रस तर मुळीच घेऊ नये. कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीच्या रसाबद्दल स्पष्ट इशारा दिला आहे.

पावसाळी दुधी किंवा पडवळ मांडवावर चढले, की सिनॉट यांचा प्रयोग कोणत्याही शाळेला करता येईल. फूल उमलले त्या दिवसापासून रोज ठरावीक वेळी एकाच फळाची लांबी आणि मधला घेर मोजायचा. कोवळ्या सालीवर बारीक ब्रशने शाईच्या रेघा समान अंतरावर काढायच्या. आठवड्याभराने कोणत्या दोन रेघांमधले अंतर किती वाढले ते पाहायचे. शेजारच्या मांडवावर गोल वाण असेल, तर त्याच्या नोंदी शेजारच्याच रकान्यात लिहायच्या. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढले, की लांबीची रेघ घेराच्या रेघेपासून कोणत्या दिवशी वेगळी होऊ लागते, ते मुलांना स्वतःच्या आकड्यांत दिसेल.