जन्मतः एकच मूत्रपिंड : भीती किती, दक्षता किती?

मनुष्याला दोन मूत्रपिंडे असतात, हे आपण शाळेतच शिकतो. तथापि सुमारे हजार बालकांमागे एक बालक एकच मूत्रपिंड घेऊन जन्माला येते, आणि त्यांपैकी अनेकांना वयाची चाळीस-पन्नास वर्षे उलटली तरी ही गोष्ट ठाऊक नसते. पोटदुखीसाठी केलेली सोनोग्राफी, विम्याच्या निमित्ताने झालेली तपासणी, किंवा आजारी वडिलांना आपले मूत्रपिंड देण्यास पुढे आलेल्या मुलाच्या चाचण्या, अशा एखाद्या प्रसंगी अहवालात एक ओळ उमटते : 'डावे मूत्रपिंड दिसत नाही.' त्या ओळीने घर हादरते. मुलगा दुकान सांभाळू शकेल काय, मुलीचे लग्न कसे जुळेल, पर्युषणातील उपवास करावेत की नाही, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. काही घरांत या प्रश्नांवर बोलणेच टाळले जाते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, या ओळीचा खरा अर्थ वाचकांना कळावा; भीती जिथे अनाठायी आहे तिथे ती दूर व्हावी आणि दक्षता जिथे आवश्यक आहे तिथे ती वेळेवर घेतली जावी.

गर्भात काय घडते?

मूत्रपिंडाची घडण गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते. एका सूक्ष्म नलिकेला अंकुर फुटतो आणि तो जवळच्या पेशीसमूहात शिरतो. अंकुर त्या पेशींना मूत्रपिंड घडवण्याची चालना देतो आणि त्या पेशी अंकुराला फांद्या फुटण्याची चालना देतात. हा परस्परसंवाद एका बाजूस झालाच नाही, तर त्या बाजूचे मूत्रपिंड निर्माण होत नाही. कधी अंकुर फुटत नाही, कधी तो फुटूनही पेशीसमूहापर्यंत पोहोचत नाही. काही बालकांत मूत्रपिंड तयार होते, पण ते सदोष व पाण्याच्या पुटकुळ्यांनी भरलेले असते आणि हळूहळू आक्रसून नाहीसे होते; पुढे तपासणीत तेही 'नाही' म्हणूनच दिसते.

येथे एक सावधगिरी हवी. मूत्रपिंड प्रथम ओटीपोटात तयार होते आणि मग वर सरकून आपल्या जागी येते. क्वचित ते खालीच राहते आणि नेहमीच्या जागी न दिसल्यामुळे नाही असे समजले जाते. म्हणून निदान पक्के करण्यापूर्वी ओटीपोटही नीट पाहावे लागते, आणि गरज भासल्यास डीएमएसए नावाचे स्कॅन केले जाते.

आईने काही खाल्ले, ग्रहण पाहिले, जड ओझे उचलले, म्हणून असे घडते या समजुतीला कोणताही आधार नाही. बहुतेक वेळा निश्चित कारण सापडत नाही. काही कुटुंबांत जनुकीय दोष आढळतो. गर्भधारणेपूर्वीपासून असलेला आणि नियंत्रणात नसलेला मधुमेह हा मात्र धोका वाढवणारा ज्ञात घटक आहे. आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आढळतो. म्हणून मधुमेह असलेल्या सुनेने किंवा लेकीने गर्भधारणेआधीच साखर आटोक्यात आणावी, हा उपदेश केवळ औपचारिक समजू नये.

एका मूत्रपिंडावर आयुष्य

एका मूत्रपिंडावर माणूस जगू शकतो, हे वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. १८६९ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्टाव सिमोन या शल्यचिकित्सकाने एका स्त्रीचे एक मूत्रपिंड पूर्वनियोजित शस्त्रक्रियेने काढले आणि ती बरी झाली. १९५४ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. तेव्हापासून आजवर असंख्य दात्यांनी आपले एक मूत्रपिंड आप्तांना दिले आहे.

जन्मतः एकच मूत्रपिंड असेल, तर निसर्ग त्याची भरपाई गर्भातच सुरू करतो. उरलेले मूत्रपिंड आकाराने वाढते आणि दोघांचे काम उचलू लागते. निरोगी मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास गाळण-एकके, म्हणजे नेफ्रॉन, असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटरच मूत्ररूपाने बाहेर टाकतात. यावरून या अवयवाची राखीव क्षमता किती मोठी आहे याची कल्पना येते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर जन्मतः एक मूत्रपिंड असलेल्याचा रोजचा व्यवहार सुरळीत चालतो. कमी असते ते राखीव भांडवल. ज्याचे राखीव भांडवल कमी, त्याने उधळपट्टी करू नये आणि वर्षाचा हिशेब चुकवू नये.

हा वार्षिक हिशेब फार खर्चिक नाही. रक्तदाब मोजणे, लघवीत प्रथिन जाते काय हे पाहणे, रक्तातील क्रिएटिनिन तपासणे आणि डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी करणे, एवढाच तो आहे. याची गरज का? एकट्या मूत्रपिंडातील प्रत्येक गाळण-एककावर अधिक भार पडतो. अनेक वर्षांच्या या भाराने काही एकके झिजू शकतात. त्याचा पहिला इशारा वेदनेच्या रूपाने मिळत नाही. तो वाढलेल्या रक्तदाबात किंवा लघवीतील प्रथिनात दिसतो. वेळीच कळल्यास औषधांनी ही झीज पुष्कळ मंदावता येते. बहुतेकांना असा त्रास कधीच होत नाही. परंतु कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तपासणी सर्वांनीच करावयाची.

सोबतचे अवयव

मूत्रपिंड व जननेंद्रिये यांची घडण गर्भात शेजारी-शेजारी होते. त्यामुळे एका मूत्रपिंडाच्या अभावाबरोबर इतर फरकही आढळू शकतात. लहान मुलांत लघवी मूत्राशयातून उलट वर चढण्याचा दोष तुलनेने अधिक दिसतो. अशा मुलाला ताप येऊन लघवीत जंतुसंसर्ग झाल्यास तो अंगावर काढू नये, कारण संसर्गाने इजा होईल ती एकमेव मूत्रपिंडालाच.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक आईने लक्षात ठेवावी. एक मूत्रपिंड नसलेल्या काही मुलींमध्ये गर्भाशयाची घडणही निराळी असते. क्वचित गर्भाशय दुहेरी असून त्याच्या एका बाजूचा मार्ग बंद असतो. मासिक पाळी नियमित येते, पण एका बाजूचा रक्तस्राव आत साठतो आणि दर महिन्याला वेदना वाढत जातात. 'पाळीत दुखायचेच' असे म्हणून घरात तिची समजूत घातली जाते आणि संकोचाने मुलगीही गप्प बसते. वस्तुतः ही स्थिती सोनोग्राफी व एमआरआयने ओळखता येते आणि योग्य शस्त्रक्रियेने बंद मार्ग मोकळा करता येतो. म्हणून जिला एकच मूत्रपिंड आहे अशा मुलीची वयात येण्याच्या सुमारास स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. मुलांतही कधी एका बाजूची शुक्रवाहिनी नसते. बहुधा त्यामुळे अडचण येत नाही, पण डॉक्टरांना ते ठाऊक असावे.

दोन्ही मूत्रपिंडे नसतात तेव्हा

हा या विषयाचा सर्वांत कठीण भाग आहे. गर्भावस्थेच्या मध्यापासून गर्भजल प्रामुख्याने बाळाच्या लघवीनेच बनते. दोन्ही मूत्रपिंडे नसतील, तर गर्भजल जवळजवळ राहत नाही, आणि गर्भजलावाचून बाळाची फुप्फुसे विकसित होत नाहीत. गर्भात असताना आईचे शरीर बाळाच्या रक्ताची शुद्धी करत असते. म्हणून बाळ पोटात वाढते, हालचालही करते. परंतु जन्मल्यावर श्वासच पुरा पडत नाही आणि काही तासांत मृत्यू येतो. शिकागो येथील विकृतिशास्त्रज्ञ एडिथ पॉटर यांनी १९४६ साली अशा वीस बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भजलाच्या अभावाने दबलेल्या त्या चेहऱ्यांची लक्षणे आजही पॉटर यांच्या नावाने ओळखली जातात.

अलीकडे या बाबतीत एक प्रयत्न झाला आहे. अमेरिकेतील तत्कालीन लोकप्रतिनिधी जेमी हेरेरा ब्यूटलर यांच्या कन्येला दोन्ही मूत्रपिंडे नव्हती. गर्भाशयात सुईने वरचेवर क्षारद्रव सोडून बाळाच्या फुप्फुसांना वाढीस वाव देण्यात आला. २०१३ साली ती जन्मली, डायलिसिसवर वाढली आणि २०१६ साली तिला वडिलांचे मूत्रपिंड बसवण्यात आले. या एका यशाने जगभरच्या पालकांत आशा निर्माण झाली. मात्र त्यानंतर अमेरिकेत पद्धतशीर अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. या उपचारानंतर जिवंत जन्मलेल्या १७ बालकांपैकी १४ बालके दोन आठवडे जगून डायलिसिसपर्यंत पोहोचली; पण रुग्णालयातून घरी जाऊ शकली ती केवळ ६. फुप्फुसे वाचवता येतात, परंतु त्यापुढील मार्ग अकाली प्रसूती, संसर्ग व दीर्घ डायलिसिस यांतून जातो, हे त्यातून स्पष्ट झाले.

भारतात अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत ही स्थिती बहुधा लक्षात येते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, गर्भात गंभीर व्यंग असल्यास चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपात करता येतो. अहिंसा ज्या घरात श्वासासारखी भिनलेली आहे, तेथे हा निर्णय अतिशय जड असतो. काही दांपत्ये गर्भपाताचा मार्ग स्वीकारतात. काही गर्भ पूर्ण दिवस वाढवून, जन्मलेल्या बाळाला वेदना होऊ नयेत एवढीच सेवा करून, त्याला मांडीवर निरोप देतात. दोहोंपैकी कोणत्याही दांपत्याला दोष देण्याचा अधिकार नातलगांना नाही. त्या मातेला 'दुसरे होईल' असे सांत्वन पुरत नाही. बाळ होते, हे मान्य करणे हेच पहिले सांत्वन.

पुढील गर्भधारणेत हे पुन्हा घडण्याची शक्यता सामान्यतः शंभरात तीन-चार एवढी मानली जाते. आई-वडिलांपैकी कोणाला स्वतःला एकच मूत्रपिंड असेल, तर ती अधिक असू शकते. म्हणून अशा प्रसंगानंतर दोन्ही पालकांची व भावंडांची साधी सोनोग्राफी करावी आणि जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

उपवास, पाणी आणि औषधे

एक मूत्रपिंड असलेल्याने तप करावे काय, हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. मूत्रपिंडाचे कार्य उत्तम असेल, तर सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याच्या रोजच्या नियमाने प्रौढ व्यक्तीस सहसा बाधा येत नाही. दिवसभरात पुरेसे पाणी मात्र आठवणीने प्यावे. गिऱ्हाइकांच्या गर्दीत दुपार कोरडी जाते आणि संध्याकाळी पाणी बंद होते, असे दिवसामागून दिवस होऊ नये. निर्जल उपवासाची गोष्ट वेगळी. शरीरातील पाणी कमी झाले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. लहान मुलांनी, गर्भवतींनी, रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आणि ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे अशांनी चौविहार उपवास किंवा अठ्ठाईसारखे दीर्घ तप डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. प्रत्याख्यान घेताना आगार ठेवण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. तीव्र व्याधीने समाधी ढळू लागल्यास मोकळीक पूर्वाचार्यांनीच दिली आहे. दिवसा उकळलेले पाणी घेऊन एकासणे किंवा आयंबिल करणे, ऊणोदरी पाळणे, हेही तपच आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाने मोठ्यांचे पाहून उपवासाचा हट्ट धरला, तर त्याचे कौतुक करताना त्याचा अहवालही आठवावा.

औषधांत मोठा धोका वेदनाशामक गोळ्यांचा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या औषधाच्या दुकानातून सहज आणल्या जातात आणि गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने खाल्ल्या जातात. एकट्या मूत्रपिंडाला ही सवय महाग पडते. घटक ठाऊक नसलेली भस्मे व चूर्णेही टाळावीत. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचे, फरसाण यांवर हात आखडला तरी पुष्कळ साधेल. मुलांना खेळू द्यावे. पोहणे, धावणे, क्रिकेट यांस सामान्यतः प्रत्यवाय नाही. कुस्तीसारख्या अंगलटीच्या खेळांविषयी मात्र डॉक्टरांशी बोलावे.

लपवण्याचे मोल

शेवटी लग्नाचा प्रश्न. स्थळ हातचे जाईल या भीतीने काही घरांत अहवाल कपाटात बंद होतो. त्याचे परिणाम नंतर दिसतात. एक मूत्रपिंड असलेल्या स्त्रीची गर्भधारणा बहुधा सुखरूप पार पडते, पण त्या काळात रक्तदाब वाढण्याचा धोका काहीसा अधिक असतो आणि लक्ष बारकाईने ठेवावे लागते. सासरी व डॉक्टरांना काहीच ठाऊक नसेल, तर ते लक्ष कोण ठेवणार? विम्याच्या अर्जात लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी उघडी पडते. अपघातात बेशुद्ध होऊन दाखल झालेल्या रुग्णाची माहिती सोबतच्या माणसाला नसेल, तर उपचारही अंधारात होतात. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी असावी, मोबाइलमध्ये नोंद असावी आणि घरातील दोघा-तिघांना हे ठाऊक असावे.

ज्याला एक मूत्रपिंड आहे तो रुग्ण नव्हे. तो व्यापार करील, संसार करील, तपही करील. त्याला दयेची गरज नाही. वर्षातून एकदा तपासणीची आठवण करून देणारे माणूस मात्र घरात असावे. दिवाळीनंतर नव्या वहीत पहिली नोंद करताना घरातील अशा व्यक्तीच्या तपासणीची तारीखही लिहून ठेवली, तर ती सहसा चुकणार नाही.