वादांतील जय आणि मनाचें पटणें

परवां आमच्या नातवाचा आजीशीं वाद झाला. विषय कोंकणांतील जुन्या घराचा. तें विकावें, असें त्याचें मत. विकूं नये, असें तिचें. घटकाभरानें बाहेर येऊन तो मोठ्या तोऱ्यानें म्हणाला, “आजोबा, मीं आजीला कन्व्हिन्स केलें!” आम्ही माजघरांत गेलों. आजीबाई तांदूळ निवडीत होत्या. “त्याचें म्हणणें पटलें का?” असें विचारतांच म्हणाल्या, “अहो, पटायचें काय? मला उत्तर सुचेना, म्हणून गप्प बसलें.”

सारा जन्म शब्दांचे अर्थ सांगण्यांत घालविलेल्या आम्हांस हा शब्द स्वस्थ बसूं देईना. ‘कन्व्हिन्स’ याच्या मुळाशीं जिंकणें या अर्थाचा लॅटिन धातु आहे. जय या अर्थाचा ‘व्हिक्टरी’ आणि अपराधी ठरविणें या अर्थाचा ‘कन्व्हिक्ट’, हे त्याचेच भाऊबंद. शेक्सपिअरनें ‘मॅक्बेथ’मध्यें ‘कन्व्हिन्स’ हा शब्द पहारेकऱ्यांना मद्य पाजून बेशुद्ध करण्यासाठीं योजिला आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलांत तो दोषी ठरविण्याच्या अर्थानें येतो. मनाची खात्री करून देणें, हा आजचा अर्थ मागाहून रूढ झाला. ‘डिबेट’ हा शब्दही फ्रेंच भाषेंतील मारणें-ठोकणें या अर्थाच्या क्रियापदावरून आला. चर्चा करणें या अर्थाच्या ‘डिस्कस’चा मूळ अर्थ हलवून सुटें करणें, असा आहे.

तथापि सारेच शब्द रणांगणावरचे नाहींत. ‘आर्ग्यू’चा मूळ लॅटिन अर्थ स्पष्ट करणें, उजेडांत आणणें, असा आहे. ‘परस्वेड’ तर थेट आपल्या ‘स्वादु’ शब्दाचा आप्त. गोडीनें मन वळविणें, हा त्याचा भाव. जुने शिक्षक सांगत, कीं ‘कन्व्हिन्स’चें काम मत बदलणें आणि ‘परस्वेड’चें काम कृतीस प्रवृत्त करणें. नातवानें यांपैकीं एकही साधलें नव्हतें. त्यानें मूळ लॅटिन अर्थच तेवढा खरा केला होता!

आपल्या न्यायशास्त्रानें हा भेद स्पष्टच केला आहे. तत्त्वनिर्णयासाठीं चाले तो वाद. केवळ जयासाठीं चाले तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचें नुसतें खंडन करणें ही वितंडा. घरोघरीं ज्यास आपण वाद म्हणतों, तो बहुधा जल्पच असतो.

मराठींतील ‘पटणें’ हें क्रियापद तर आम्हांस फारच अर्थपूर्ण वाटतें. मत पटतें, तशीं माणसेंही एकमेकांशीं पटतात. ज्या घरांत माणसांचें पटत नाहीं, तेथें मतें कशीं पटावीं?

हें सारें आम्हीं नातवास सांगितलें. संध्याकाळीं तो पुन्हां आजीपाशीं जाऊन बसला. पण या खेपेस बोलण्यासाठीं नव्हे, ऐकण्यासाठीं. तिला काळजी भिंतींची नव्हतीच. घर गेलें, तर गणपतीला एकत्र येणारीं आमचीं चार बिऱ्हाडें पुढें कोठें जमणार, ही होती. यावर त्यालाही उत्तर सुचेना.

घराचा निर्णय अजून व्हावयाचा आहे. परंतु आतां दोघेंही बोलतात आणि दोघेंही ऐकतात. समोरचा गप्प झाला, एवढ्यावरून आपण जिंकलों असें मानण्यापूर्वीं वाचकांनींही आपापल्या माजघरांत एकदां डोकावून पाहावें.