न दिसणारा खर्च : मर्सिडीज १९० ची अकरा वर्षं

सप्टेंबर १९८३ मध्ये फ्रांकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने आपल्या छोट्या गाडीची दोन नवी रूपं एकदमच मांडली. पहिली १९० डी : डिझेल इंजिन, ७२ अश्वशक्ती, दामटली तर ताशी १६० किलोमीटर. दुसरी १९० ई २.३-१६ : सांगाडा तोच, पण १८५ अश्वशक्ती, मागे डिकीवर पंख आणि वेग ताशी २३०. गर्दी कुठल्या गाडीभोवती झाली असेल हे सांगायला नको. मला मात्र त्या दोघींतली पहिली जास्त महत्त्वाची वाटते. ते का, हे सांगायचं तर आधी गाडीच्या पोटाखाली शिरावं लागेल.

ही गाडी, कंपनीच्या कागदांवर डब्ल्यू २०१, रस्त्यावर यायला आठ वर्षं लागली. १९७३ च्या तेलसंकटाने युरोपातल्या मोठ्या गाड्यांच्या कारखानदारांची झोप उडवली होती. त्यातच १९७५ मध्ये अमेरिकेने कायदा केला : कंपनी विकते त्या सगळ्या गाड्यांच्या इंधनखर्चाची सरासरी ठरलेल्या मर्यादेत बसली पाहिजे. फक्त मोठ्याच गाड्या विकणाऱ्याची सरासरी कुठून खाली येणार? मर्सिडीजची तेव्हाची सगळ्यात छोटी चारदारी गाडीही पावणेपाच मीटर लांब होती. शेजारच्या म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यूने १९७५ लाच ३ सीरिज आणून छोट्या आणि महागड्या गाडीला गिऱ्हाईक आहे हे दाखवून दिलं होतं. मर्सिडीजच्या घरी, श्टुटगार्टमधली भीती वेगळी होती. छोटी गाडी काढली आणि ती स्वस्त वाटली, तर बोनेटवरच्या चांदणीची किंमत सगळ्याच गाड्यांवर उतरेल.

त्यावर कंपनीने जो तोडगा काढला तो हिशेबनिसाला कधीच पटला नसता. गाडी लहान करायची, काम लहान करायचं नाही.

आकार आखला तो ब्रुनो साक्को यांच्या हाताखालच्या मंडळींनी. इटलीतल्या उदिनेचे साक्को १९७५ मध्ये कंपनीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख झाले. त्यांचा एक आग्रह होता : नवी गाडी अशी असावी की तिच्या येण्याने आधीची गाडी जुनाट दिसू नये. जाहिरातवाल्यांना ऐकवणार नाही अशी ही अट आहे, कारण त्यांचा धंदाच आधीचं जुनाट ठरवण्यावर चालतो. १९० ला क्रोम जवळजवळ नव्हतं. डिकी उंच, मागच्या बाजूला कडा आत वळत गेलेल्या, आणि समोरच्या काचेवर दोनाऐवजी एकच वायपर. हवेचा अडसर मोजणारा आकडा ०.३३ पर्यंत खाली आला, तोही त्या काळात, जेव्हा चौकोनी गाडी म्हणजे हवेशी भांडण असं सगळे धरून चालत. लांबी ४.४२ मीटर. आज आपल्या रस्त्यांवरची होंडा सिटी हिच्याहून लांबही आहे आणि रुंदही.

आता पोटाखाली.

मर्सिडीजच्या आधीच्या गाड्यांत मागचं प्रत्येक चाक एका जाडजूड तिरप्या आर्मवर बसवलेलं असे. रचना मजबूत, पण त्यात एक खोट होती. चाक वर-खाली झालं की त्याचा झुकाव आणि रोखही थोडा बदले. वळणावर घाबरून चालकाने ॲक्सिलरेटर एकदम सोडला की गाडीचं वजन पुढे जाई, मागची चाकं किंचित वेगळ्या दिशेला बघू लागत आणि शेपूट बाहेर पडू पाही. लांब, जड गाडीत हे खपून जातं. आखूड आणि हलक्या गाडीत नाही. म्हणून इंजिनियरांनी मागच्या सस्पेन्शनचे आठ मूळ प्रकार आणि त्यांची ७० हून अधिक उपरूपं तपासली आणि शेवटी एका रचनेवर बोट ठेवलं : प्रत्येक चाकाला पाच स्वतंत्र दांड्या.

पाचच का, यामागचं गणित सुंदर आहे. चाक ज्यावर बसतं तो हब हवेत मोकळा सोडला तर तो सहा प्रकारे हलू शकतो : पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली, आणि या तिन्ही अक्षांभोवती वळून. एक दांडी यातली एक मोकळीक काढून घेते. पाच दांड्या लावल्या की उरते एकच, वर-खाली होण्याची, आणि सस्पेन्शनला हवी असते तीच. कुठली दांडी कुठे आणि किती कोनात बसवायची हे ठरवलं की चाक वर जाताना किती झुकेल, ब्रेक लागल्यावर कुठे बघेल, हे सगळं इंजिनियरच्या हातात येतं. आधीच्या रचनेत एक गोष्ट सुधारायला गेलं की दुसरी बिघडायची. इथे प्रत्येकीची दोरी वेगळी. शिवाय ही सगळी मांडणी जमिनीलगत मावते, त्यामुळे डिकीची जागा खात नाही. पुढे कंपनीच्या कितीतरी मोठ्या गाड्यांनी ही रचना या धाकटीकडून घेतली. थोरल्यांच्या तंत्राचं उतरलेलं कापड धाकट्यांनी घालायचं, हा मोटारधंद्यातला रिवाज इथे उलटा झाला.

८ डिसेंबर १९८२ ला गाडी जाहीर झाली आणि तिला लगेच ‘बेबी-बेंझ’ हे नाव पडलं. कौतुकही झालं आणि कुरकुरही. कुरकुर खरी होती. मागच्या सीटवर उंच माणसाचे गुडघे समोरच्या सीटला टेकत. साध्या १९० मध्ये गिअर चारच, काचा हाताने फिरवायच्या, पॉवर स्टिअरिंगचे पैसे वेगळे. एवढे पैसे मोजून गिऱ्हाइकाच्या पदरात दिसण्यासारखं फारसं काही पडत नव्हतं. जे होतं ते फरशीखाली होतं, दारं लागण्याच्या आवाजात होतं, आणि लाखभर किलोमीटरनंतरही न खुळखुळणाऱ्या डॅशबोर्डमध्ये होतं. विक्रीच्या दालनात यातलं बोटाने दाखवता येण्याजोगं काय?

नावांचा घोळही गमतीचा आहे. १९० म्हणजे १.९ लिटर नव्हे, इंजिन दोन लिटरचंच होतं. पण ‘२००’ हे नाव मोठ्या गाडीकडे अडकलेलं असल्याने धाकटीला दहा कमी मिळाले. कार्बोरेटरवाली नुसती १९०, तिची ताकद ९० अश्वशक्ती. तेच इंजिन फ्युएल इंजेक्शनसह १९० ई, तिची १२२. पुढे २.३ लिटरचं इंजिन आलं, २.६ लिटरचं सहा सिलिंडरचं आलं, १.८ लिटरचंही आलं, पण १९० हा आकडा काही हलला नाही. त्यामुळे ‘१९० ई २.६’ असं एकाच डिकीवर दोन आकारांचं बिरुद मिरवावं लागलं, आणि त्यातलं पहिलं कशाचंच माप नव्हतं. जपानमध्ये तेजीच्या दिवसांत ही गाडी टोकियोच्या आकासाका भागात इतकी बोकाळली की लोक तिला ‘आकासाकाची सनी’ म्हणू लागले. सनी म्हणजे निसानची घरोघरची साधी गाडी. चांदणीचा भाव उतरण्याची जी धास्ती श्टुटगार्टला होती, ती तिथे अशी थट्टेच्या रूपात खरी झाली म्हणायची. विक्रीला मात्र धक्का लागला नाही.

आता पंखवाली. २.३-१६ आधी रॅलीसाठी योजली होती, पण तोवर ऑडीच्या चारचाकी ओढीच्या क्वाट्रोने रॅलीचं मैदान मारलं होतं, तेव्हा मोर्चा गोल ट्रॅककडे वळला. इंजिनाचं डोकं इंग्लंडच्या कॉसवर्थने करून दिलं : दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, म्हणून सोळा. फ्रांकफुर्टच्या आधी, ऑगस्ट १९८३ मध्ये, दक्षिण इटलीतल्या नार्दोच्या वर्तुळाकार ट्रॅकवर या गाड्या आठ दिवसांहून अधिक काळ रात्रंदिवस पळवल्या. ५०,००० किलोमीटर, सरासरी वेग ताशी २४७.९ किलोमीटर, आणि हा वेग पेट्रोल, टायर, चालक बदलायला थांबलेला वेळ धरून.

पुढच्या वर्षी, १२ मे १९८४ ला, न्यूर्बुर्गरिंगच्या नव्या ट्रॅकचं उद्घाटन झालं. मर्सिडीजने एकसारख्या वीस गाड्या उभ्या केल्या आणि त्यांत आजी-माजी दिग्गज बसवले : लाउडा, प्रॉस्त, रॉसबर्ग, हंट, मॉस, ब्रॅबहॅम. शर्यत मानापानाची, गुणांची नव्हे. बाकीचे जुन्या दोस्तांच्या भेटीला आल्यासारखे आले असतील, पण २४ वर्षांचा एक ब्राझिलियन पोरगा, फॉर्म्युला वनमध्ये ज्याचं ते पहिलंच वर्ष होतं, तो जिंकायला आला होता. आयर्टन सेना पहिला, लाउडा दुसरा, रॉयटमन तिसरा. कंपनीने सेनाची ती गाडी जपून ठेवली आहे. सगळ्यांच्या हातात हुबेहूब सारखीच गाडी असल्यामुळे, त्या दिवशी कोण काय आहे हे लपवायला कुणालाच जागा उरली नव्हती.

मग बीएमडब्ल्यूची एम ३ आली आणि जर्मन टूरिंग कारच्या मैदानात दोन शहरांचं हाडवैर सुरू झालं. नियम असा की शर्यतीच्या गाडीत जे सुधारलेले भाग लावायचे, ते किमान ५०० गाड्यांत लावून लोकांना विकायचे. म्हणून १९८९ मध्ये इव्होल्यूशन आणि १९९० मध्ये इव्होल्यूशन दोन, प्रत्येकी ५०२ गाड्या. इव्हो दोनची २३५ अश्वशक्ती, सुजलेले मडगार्ड, सतरा इंची चाकं आणि डिकीवर इस्त्रीच्या टेबलाएवढा पंख. साक्कोंच्या शांत रेघेवर हे काय चढवलं, असं आजही वाटतं. पण पंख शोभेचा नव्हता, मागच्या चाकांवर हवेचा दाब आणण्यासाठी होता, आणि क्लाउस लुडविगने १९९२ ची स्पर्धा हीच गाडी चालवून जिंकली. आज या ५०२ गाड्यांच्या लिलावातल्या किमती ऐकल्या की वाटतं, घेणाऱ्यांतले कितीजण ती गाडी गॅरेजबाहेर काढत असतील?

आता १९० डी कडे. डिझेल म्हणजे धडधड, थरथर आणि टॅक्सी, हे तेव्हाचं समीकरण. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेत इंधन पेट घेतं, आणि तो पेट एकदम होतो, म्हणून खटखट ऐकू येते. मोठ्या गाडीत इंजिन आणि माणूस यांच्यात थोडं अंतर असतं. छोट्या गाडीत तेही नाही. मर्सिडीजने नवं, हलकं इंजिन बनवलं. नंतर चहाच्या किटलीवर टीकोझी घालावी तसं त्याला सगळीकडून गुंडाळलं : बोनेटखाली, बाजूंनी आणि खालूनही आवाज शोषणारी आवरणं. बाहेर येणारा आवाज निम्म्यावर आला. जर्मन वर्तमानपत्रांनी तिला ‘कुजबुजतं डिझेल’ म्हटलं.

ऐकायला सोपं वाटतं. पण इंजिन गुंडाळलं की ते तापतं, म्हणून हवा आत घ्यायच्या आणि बाहेर सोडायच्या वाटा नव्याने आखाव्या लागतात. खालचं आवरण काढल्याशिवाय तेल बदलता येत नाही, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या शिव्या आल्याच. आणि एवढं करून गाडी पळणार किती, तर शून्यावरून ताशी शंभरला पोचायला अठराएक सेकंद. ज्या वर्गात वेगाने ऐट ठरते तिथे एवढ्या संथ गाडीवर एवढी मेहनत घेणं हे मला १९० च्या सगळ्या रूपांतलं सर्वांत धीट काम वाटतं. पंख लावायला हिंमत लागत नाही, त्याच्यासमोर टाळ्या वाजवणारे तयार असतात. पुढे पाच सिलिंडरचं २.५ लिटर आलं, मग त्याचं टर्बो. छोट्या, आरामशीर आणि अंगावर न येणाऱ्या डिझेलचा जो बाजार नव्वदच्या दशकात युरोपभर फुलला, त्याची एक वाट इथून जाते.

एक रूप मात्र बाजारात आलंच नाही. १९९२ पासून बाल्टिक समुद्रातल्या र्‍युगेन बेटावर विजेवरच्या १९० गाड्यांची चाचणी चालली. तो प्रयोग तिथेच राहिला.

गाडी झिंडेलफिंगेनमध्ये सुरू झाली आणि लवकरच ब्रेमेनमध्येही होऊ लागली. तिथला कारखाना एके काळी बोर्गवार्ड या मोटार कंपनीचा. बोर्गवार्ड बुडाल्यावर तिथे व्हॅन होत. १९० ने त्याला चारदारी गाड्यांचा मोठा कारखाना बनवलं, आणि सी-क्लास आजही तिथे बनते. १९८८ मध्ये दारांच्या खालच्या भागावर प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या आल्या आणि मागच्या माणसाला जरा जागा मिळाली. १९९३ मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा सुमारे १८ लाख ८० हजार गाड्या झाल्या होत्या. तिच्या जागी आलेल्या डब्ल्यू २०२ पासून सी-क्लास हे नाव सुरू झालं. जागा वाढली, पुढचं सस्पेन्शन बदललं, मागच्या पाच दांड्या तशाच राहिल्या.

१९० भारतात कंपनीने कधी विकली नाही. आपल्याकडे बेंझची चांदणी आधी लोकांना ठाऊक झाली ती टेल्कोच्या ट्रकांमुळे. पण १९९५ पासून पुण्याजवळ, टेल्कोच्या पिंपरी-चिंचवडच्या आवारात जी पहिली मर्सिडीज जोडली जाऊ लागली, ती डब्ल्यू १२४ ई-क्लास, तिच्या मागच्या चाकांना याच पाच दांड्या होत्या. आपल्या रस्त्यांवर या रचनेचा दुखरा भाग म्हणजे दांड्यांच्या टोकांचे रबरी बुश. ते सैल झाले की गाडी हायवेला मागून पोहल्यासारखी वाटते, मागचे टायर आतल्या कडेने झिजतात, आणि एकच बुश बदलून भागत नाही. दोन्ही बाजूंच्या सगळ्या दांड्या काढाव्या लागतात. नंतर गाडी जमिनीवर तिच्या नेहमीच्या उंचीला उभी करून मगच नट पक्के आवळायचे, आणि शेवटी अलाइनमेंट. हवेत टांगलेल्या चाकावरच नट आवळले, तर नवे रबरही पीळ पडून काही महिन्यांत फाटतात.