हिमरेषेखालील सुगंधी वनौषधी : रानातून शेताकडे

दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी महाराष्ट्रात घरोघरी जे उटणे सिद्ध केले जाते, त्यात वाळा, नागरमोथा आणि कचोरा यांच्या जोडीला जटामांसी असते. तान्ह्या बाळाच्या गुटीसाठी सहाणेवर जी औषधे उगाळली जातात, त्यांत अतिविषाचा वेढा असतो. काष्ठौषधींच्या दुकानातून कागदाच्या पुडीत येणाऱ्या या वस्तू आपल्या इतक्या परिचयाच्या आहेत, की त्या आपल्या मातीत मुळीच उगवत नाहीत हे सहसा ध्यानात येत नाही. सह्याद्रीचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांवर संपते. जटामांसीचे रोप दिसू लागते ते हिमालयात, सुमारे ३,००० मीटरांच्या पुढे. आणि काही ठिकाणी ते ५,००० मीटरांपर्यंत आढळते.

वृक्षांची रेषा जेथे संपते आणि कायमच्या हिमाची रेषा जेथे सुरू होते, त्या दोहोंमध्ये गवताची विस्तीर्ण कुरणे पसरलेली असतात. गढवाल-कुमाऊंमध्ये त्यांना ‘बुग्याल’ म्हणतात. वर्षातील सहा-सात महिने ती बर्फाखाली असतात. बर्फ वितळल्यानंतरच्या चार-पाच महिन्यांत रोपाने पालवावयाचे, फुलावयाचे, बी धरावयाचे आणि पुढच्या हिवाळ्याची शिदोरीही साठवावयाची. ही शिदोरी जमिनीखाली, मुळांत आणि मूलस्तंभात साठते. जटामांसी, कुटकी, अतिविष आणि कोष्ठ या चारही वनस्पतींचा औषधी भाग जमिनीखालचाच आहे, तो यामुळेच. जटामांसीचे नावही तिच्या मूलस्तंभावरून पडले. जुन्या पानांचे तंतू त्याच्याभोवती जटेसारखे वेढलेले असतात.

रोपाच्या दृष्टीने हेच त्याचे मोठे दुर्दैव ठरले आहे. गुलाबाचे फूल खुडले तर झाड राहते. पुढच्या वर्षी ते पुन्हा फुलते. नेपाळमध्ये सुनपातीची पाने खुडून त्यांचे तेल काढतात. तेथेही झुडूप उभे राहते. जटामांसीचे मूळ खणले की रोपच संपले. त्याची जागा घेणारे रोप बियांपासून वाढून काढणीयोग्य व्हावयास तीन-चार वर्षे, आणि उंचावरील रानात त्याहूनही अधिक काळ लागतो. बी पडल्यानंतर, म्हणजे आश्विन-कार्तिकात खणावे, मूलस्तंभाचा शेंड्याकडील तुकडा पुन्हा मातीत पुरावा, आणि एकाच कुरणात लागोपाठ वर्षे खणू नये, ही जुनी शहाणी रीत होती. भाव चढले, खणणारे हात वाढले आणि ‘आपण थांबलो तर दुसरा नेईल’ या धास्तीने बी पिकण्यापूर्वीच कुदळ पडू लागली. गोळा करणाऱ्याला लोभी म्हणणे सोपे आहे. परंतु नेपाळातील हुमला-जुमलासारख्या जिल्ह्यांत किंवा आपल्या सीमेवरील उंच गावांत रोख पैसा देणारी अन्य वस्तू फारच थोडी असते, हेही विसरता कामा नये.

जटामांसीचा व्यापार अत्यंत प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात भडोच बंदरातून पश्चिमेकडे जाणाऱ्या मालात तिचा उल्लेख आहे. रोममध्ये तिचे सुगंधी तेल चैनीची वस्तू गणले जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी या प्राचीन सुगंधाचा शोध घेतला आणि एका रोपाला ‘जटामांसी’ हे शास्त्रीय नाव दिले. गंमत अशी, की ते रोप जटामांसीचे नसून तगराचे होते. हा घोटाळा आजही पूर्णपणे मिटलेला नाही. बाजारात जटामांसी म्हणून तगर खपविले जाते.

तेल काढण्याची पद्धत साधी आहे. वाळलेले मूलस्तंभ कुटून मोठ्या बंद पात्रात भरतात आणि त्यांतून पाण्याची वाफ सोडतात. वाफेबरोबर उडणारे तेल थंड पाण्यातून नेलेल्या नळीत द्रवरूप होते आणि पाण्यावर तरंगते. ते निथळून घ्यावयाचे. शंभर किलो वाळलेल्या मालापासून साधारणपणे एक ते दोन किलो तेल मिळते. एका लहानशा कुपीमागे किती रोपे गेली असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

उपाय म्हणून प्रथम कायदा आला. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइटिस’ करारात भारत १९७६ मध्ये सहभागी झाला. १९८५ मध्ये कोष्ठाला या कराराच्या सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात घालण्यात आले. १९९७ मध्ये जटामांसी व कुटकी दुसऱ्या परिशिष्टात आल्या. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत जटामांसीची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे. मात्र ३,५०० मीटरांवरील प्रत्येक कुरणात रक्षक उभा करणे कोणत्याही शासनाला शक्य नाही. मागणी आहे तोवर माल निघणारच. तो रानातून निघावा की शेतातून, एवढेच आपल्या हाती आहे.

लाहौलचा अनुभव

या बाबतीत हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्याचा इतिहास बोलका आहे. कोष्ठ, म्हणजे आपल्याकडील उपलेट, मूळचे काश्मीरच्या डोंगरांतले. शालींना कसर लागू नये म्हणून काश्मीरचे व्यापारी घड्यांमध्ये त्याची मुळे ठेवीत. चीनमध्ये ते धूप आणि औषध म्हणून जाई. काश्मीर दरबाराने त्याच्या व्यापाराचा मक्ता आपल्याकडे ठेवला होता. १९२० नंतरच्या दशकात लाहौलच्या शेतकऱ्यांनी कोष्ठाची लागवड सुरू केली. तीन वर्षांत मुळे तयार होत आणि हिवाळ्यात जगापासून तुटणाऱ्या त्या खोऱ्यात कोष्ठाने प्रथमच समृद्धी आणली. रानातले रोप शेतात आणता येते, हे येथे प्रत्यक्ष सिद्ध झाले.

पण पुढे काय झाले? चीनने युन्नान प्रांतात स्वतःच कोष्ठ पिकविण्यास प्रारंभ केला. ती बाजारपेठ आटली आणि भाव कोसळले. कोष्ठाच्या तेलाने त्वचेला अपाय होतो असे आढळल्यावर सुगंधी द्रव्यांच्या उद्योगानेही ते वर्ज्य ठरविले. लाहौली शेतकरी बटाट्याच्या बियाण्याकडे आणि पुढे वाटाण्याकडे वळला. बटाट्यासाठी १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेने त्याला ज्या स्वरूपाचा आधार दिला, तो कोष्ठाला कधीच लाभला नव्हता. त्यात १९८५ नंतर शेतातील कोष्ठ निर्यात करावयाचे तर ते रानातले नसल्याचा दाखला आवश्यक झाला. शेतात पिकविणाऱ्याला कागदपत्रांचा जाच आणि रानातून चोरून आणणाऱ्याला तो नाही, अशी उलटी स्थिती ओढवणे हे संरक्षणाच्या हेतूलाच बाधक आहे.

लागवडीच्या शास्त्रात मात्र पुष्कळ प्रगती झाली आहे. गढवालमधील श्रीनगर येथे १९७९ मध्ये स्थापन झालेले उच्चपर्वतीय वनस्पती संशोधन केंद्र आणि पालमपूर येथील १९८३ पासूनची हिमालयीन जैवसंपदा प्रौद्योगिकी संस्था यांनी या वनस्पतींच्या रोपनिर्मितीवर दीर्घकाळ काम केले आहे. कुटकीची लागवड तिच्या मूलस्तंभाच्या तुकड्यांपासून करता येते व तीन वर्षांत ती काढणीस येते. चमोली जिल्ह्यातील घेस गावाने कुटकीची शेती करून नाव मिळविले आहे. उंची मात्र पाळावी लागते. खालच्या भागात रोप जगते, परंतु कंदाची वाढ आणि गुण दोन्ही उतरण्याचा संभव असतो. मध्यम उंचीच्या गावांसाठी दमास्क गुलाब आणि रानझेंडू ही पिके अधिक सोयीची आहेत. रानझेंडूच्या उग्र वासामुळे जनावरे त्याच्या वाटेस जात नाहीत. माकडे आणि रानडुकरे यांनी त्रस्त झालेल्या डोंगरी शेतकऱ्याला हा गुण तेलाच्या भावाइतकाच मोलाचा वाटतो.

येथे ग्राहकांना एक सूचना करणे अगत्याचे वाटते. अतिविष हे बचनागाच्याच कुळातले आहे. अतिविष विषारी नाही. बचनाग मात्र अत्यंत विषारी आहे. दोन्हींचे कंद नवख्या डोळ्यांना ओळखू येतीलच असे नाही. तेव्हा बाळासाठीचे औषध ओळखीच्या, परवानाधारक दुकानातून आणि वैद्यांना अथवा डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. रस्त्यावरील पथारीवरून घेऊ नये.

लागवडीची खरी अडचण आता शेतात नसून बाजारात आहे. तीन ते पाच वर्षे जमीन अडकवून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला पीक हाती येईल तेव्हा भाव काय असेल, याची शाश्वती हवी असते. रानातून आलेल्या मालाला बियाणे, खुरपणी वा राखण यांपैकी कशाचाच खर्च नसतो. त्यामुळे तो नेहमीच स्वस्त पडतो. उत्तराखंडात जिल्हा भेषज सहकारी संघ वनौषधींच्या संकलनाचे आणि विक्रीचे काम पाहतात. लागवडीचा माल वेगळा नोंदवून, वेगळ्या भावाने विकण्याची व्यवस्था अशा सहकारी संस्थांमार्फत होऊ शकेल. महाराष्ट्रातील औषधनिर्माते आणि उटण्याचे उत्पादक हे या मालाचे ग्राहक आहेत. रोप लावण्यापूर्वीच उत्पादकांशी भावाचा करार करणे त्यांना अवघड नाही, आणि त्यामुळे जटामांसीच्या नावाखाली तगर पदरी पडण्याचा धोकाही टळेल.