सार्वजनिक सेवांमधील उत्तरदायित्व : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
लोकशाहीत प्रशासनाचे अधिकार जनतेने सोपविलेले असतात. त्या अधिकारांच्या वापराचा हिशेब देण्याच्या बांधिलकीस उत्तरदायित्व असे म्हणतात. ते वरिष्ठांप्रती व नागरिकांप्रती असे दुहेरी असते.

वाशीम जिल्हा :
१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात त्याचा समावेश झाला आणि आरोग्य, शिक्षण, शेती इत्यादी क्षेत्रांतील निर्देशकांवर त्याची प्रगती मोजली जाऊ लागली. हे वरिष्ठांप्रती असलेले उत्तरदायित्व होय. मात्र जिल्ह्याची सरासरी सुधारली तरी तहसील कार्यालयात अडकलेल्या एका अर्जाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

कायदेशीर तरतुदी :
नागरिकांप्रती असलेल्या उत्तरदायित्वासाठी दोन कायदे महत्त्वाचे आहेत. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार सर्वसाधारणपणे ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक असून, विनाकारण विलंब करणाऱ्या माहिती अधिकाऱ्यास प्रतिदिन २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवांसाठी पदनिर्देशित अधिकारी व निश्चित मुदत ठरविली. मुदत टळल्यास वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे दोन अपिले व त्यानंतर आयोगाकडे तिसरे अपील करता येते. दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. विलंबाची जबाबदारी यामुळे 'कार्यालया'वर न राहता विशिष्ट अधिकाऱ्यावर येते.

पोचपावतीचे महत्त्व :
सेवेची मुदत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. येथेच कायद्याचा कच्चा दुवा आहे. तोंडी त्रुटी सांगून अर्ज परत केल्यास नोंद होत नाही; नोंद नसल्यास मुदत सुरू होत नाही आणि मुदत नसल्यास अपिलास आधार राहत नाही. मानोरा तालुक्यातील एखाद्या विद्यार्थ्याला प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा असतो, तेव्हा अशा दोन-तीन फेऱ्यांत त्याचे शैक्षणिक वर्ष वाया जाऊ शकते आणि तरीही कागदोपत्री कोठेही विलंब दिसत नाही.

समारोप :
अर्ज क्रमांक व मुदतीची तारीख असलेली पोच ही उत्तरदायित्वाची पहिली पायरी होय. प्रत्येक अर्जाची पोच देणे व त्रुटी लेखी कळविणे, एवढे काटेकोरपणे पाळले गेले तरच दंड व अपिलाच्या तरतुदींना अर्थ प्राप्त होईल.